उंबऱ्यावरचा डबा

डबा लाल झाला आणि मामी उंबऱ्याबाहेरच राहिल्या.

"परत लालच," इंद्रजित म्हणाला.

"दिसतंय मला."

मामी म्हणजे त्याच्या सासूबाई, छायाताई. कुरुंदवाडहून सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला आल्या होत्या. अंगात ताप नाही, नाक गळत नाही, खोकला नाही. संधिवातानं हाताची बोटं तेवढी वाकडी झालेली. दाराच्या चौकटीवर, तोंडाच्या उंचीला, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र बसवलेलं होतं. त्याच्या जाळीवर त्यांनी लांब श्वास सोडला होता आणि आता त्याचा लाल दिवा सगळ्या गल्लीला दिसेल असा पेटला होता.

"पुढच्या महिन्यात या, मामी."

"मागच्या महिन्यातही हेच सांगितलंत, इंद्रजितराव."

"मी नाही सांगितलं. डब्यानं सांगितलं."

"डबा तुमचा कोण लागतो?"

मामींनी हातातली पिशवी पुढं केली. आत लेकीच्या, स्नेहलच्या, जुन्या सुती साडीची दुपटी होती. वाकड्या बोटांनी टाके घातलेले, त्यामुळं कडा सरळ आल्या नव्हत्या.

"पायरीवर ठेवा. उकळून मग आत घेतो."

"धुऊनच आणलीत."

"तरी."

समोरच्या दारात दोघी बायका भांडी घासायची थांबून बघत होत्या. मामींनी तिकडं बघितलं नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि सरळ उभ्या राहिल्या.

"माझी लेक या घरात दिली तेव्हा मी कुठला दिवा बघितला नव्हता."

"बघायला हवा होता," इंद्रजित म्हणाला.

हे बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण स्नेहल गेल्यापासून त्याच्या तोंडून जे निघायचं ते असंच निघायचं. कारखान्यात, दवाखान्यात, दुधाच्या दुकानात. रडू यायच्या जागी राग यायचा आणि समोर जो असेल त्याच्यावर पडायचा. आज समोर मामी होत्या.

त्या खिडकीखाली गेल्या. त्यानं आत जाऊन पोरीला उचललं आणि काचेपाशी धरलं. पोरीनं जांभई दिली. बाहेरून मामींनी काचेवर बोट ठेवलं, जरा वेळानं काढलं, पदरानं काचेवरचा डाग पुसला आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागल्या.

पोर दोन महिने आधी आली होती. एका दुपारी स्नेहलचा रक्तदाब चढला, झटके आले, आणि डॉक्टरांनी पोट कापून मूल बाहेर काढलं. मूल वाचलं. स्नेहल वाचली नाही. पुढं कितीतरी दिवस पोर काचेच्या पेटीत होती, नाकात नळी, पायाला पट्टी. घरी आणली तेव्हा आषाढ संपत आला होता आणि गावात सर्दीची साथ सुरू झाली होती.

या साथीतला विषाणू मोठ्या माणसाला फारसा त्रास देत नाही. दोन दिवस नाक वाहतं, माणूस तसाच कामावर जातो आणि विसरून जातो. डॉक्टर त्याला आरएसव्ही म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र तो सोसत नाही. बाळाच्या फुप्फुसातल्या टोकाच्या नळ्या सुतासारख्या बारीक असतात. विषाणूनं त्या आतून सुजतात, मेलेल्या पेशी आणि चिकट पाणी यांचा बोळा बसतो. आत गेलेली हवा बाहेर निघत नाही. बाळ बरगड्या ओढून ओढून श्वास घेत राहतं आणि शेवटी दमतं.

पूर्ण दिवसांचं बाळ येतं ते आईकडून थोडं बळ घेऊन. आईला जन्मभर जे आजार झाले त्यांच्याशी लढायला तिच्या रक्तात जी प्रतिपिंडं तयार झाली, ती नाळेतून बाळाकडे जातात. पण बहुतेक सगळी जातात ती शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत. या पोरीला ते महिनेच मिळाले नाहीत. डॉक्टर उपाध्ये बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा इंद्रजितला वाटलं, स्नेहलनं लेकीसाठी काहीतरी बांधून ठेवलं होतं आणि ते द्यायचं राहून गेलं.

"ते बाहेरून देता येत नाही का?" त्यानं विचारलं होतं.

"येतं. तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं. मांडीत एकदा दिलं की साधारण एक मोसम निघतो. पण तुमच्या घरी न्यास डबा बसवणार आहे. त्यावर भागेल."

न्यास म्हणजे आरोही न्यास. दवाखाना त्यांचाच आणि डबाही त्यांचाच. कागदोपत्री त्याचं नाव 'द्वाररक्षक' होतं, गल्लीत सगळे डबाच म्हणायचे. माणूस श्वास सोडतो तेव्हा डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर पडतात. ते डब्यातल्या गार पत्र्यावर जमतात. तिथं विषाणूला नेमके पकडणारे रेणू चिकटवलेले असतात. एकही सापडला की यंत्र त्याची जनुकं वाचून खात्री करतं आणि दिवा लाल होतो. नाही सापडला तर हिरवा. शिवाय प्रत्येक विषाणूच्या जनुकांत बारीक फरक असतो, तो यंत्र नोंदवून ठेवतं. त्यामुळं बाळ आजारी पडलं तर ते कुणामुळं, हेही सांगता येतं.

ही शेवटची गोष्ट गावाला लागली. आधी सर्दी ही सर्दी होती, कुणाची कुणाला झाली हे देव जाणे. आता माणसाचं नाव निघायला लागलं. न्यास प्रत्येक घराला शंभरपैकी गुण द्यायचा; लाल माणसाला आत घेतलं तर ते कापले जायचे आणि गुण कमी झाले की दवाखान्यातला फुकट उपचार बंद. म्हणून लोकांनी दारातूनच भाऊ परत पाठवले, बहिणी परत पाठवल्या. ज्यांच्या घरी बाळ नव्हतं तेही विचारायला लागले, परवा इंद्रजित दिवट्यांच्या दारात तुझा दिवा कुठला होता म्हणून.

मामींचं कारण उपाध्ये बाईंनी सांगितलं होतं. संधिवाताच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. दुसऱ्याच्या अंगातून आठवड्यात जाणारा विषाणू अशा माणसाच्या अंगात कित्येक आठवडे रेंगाळतो. गोळ्या बंद केल्या तर हात चालत नाहीत. मामी गोळ्या घेत राहिल्या आणि लाल राहिल्या.

इंद्रजित एअरजेट मागांच्या कारखान्यात जॉबर होता. माग बंद पडला की दुरुस्त करायचा, हे त्याचं काम. तिथंच मागाच्या बीमवर, म्हणजे लांब रुळावर, सूत गुंडाळायच्या खात्यात तौफिक मोमीन होता. तौफिकचा मुलगा अर्सलान आणि इंद्रजितची पोर दवाखान्यात शेजारशेजारच्या पेट्यांत होते. तौफिकच्या दारालाही डबा होता.

"तुझे गुण किती?" जेवणाच्या सुट्टीत तौफिकनं विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"माझे पंच्याण्णव. शाळेत असताना कधी पस्तीसच्या वर गेलो नाही मी. अब्बा बघायला पाहिजे होते."

"दोन कशात गेले माझे, काय माहीत."

"तोंड बघून कापले असतील." तौफिकनं इंद्रजितच्या जेवणाच्या डब्यातलं अंडं उचललं. "काल मेहुण्याला बाहेर उभा केला. बिर्याणी घेऊन आलता. बिर्याणी आत, मेहुणा बाहेर. बायको म्हणते, असाच डबा लग्नाआधी पाहिजे होता."

इंद्रजित हसला नाही, पण ऐकत राहिला. हल्ली त्याच्याशी असं बोलणारा हा एकटाच उरला होता.

दोघांच्या घरी बाळाला न्हाऊ घालायला एकच बाई यायची, बायडाक्का. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या पायांवर न्हालेली. इंद्रजितसुद्धा. सकाळी तौफिककडचं आटोपून ती इंद्रजितच्या दारात यायची, डब्यावर श्वास सोडायची, हिरवा दिवा लागला की आत येऊन पाय पसरून बसायची. पोरीला पायांवर घ्यायची, तेल, बेसन, कोमट पाणी. आंघोळ झाली की पोरीचं डोकं हातात धरून तिच्या नाकात, कानात अलगद फुंकर घालायची, आत पाणी राहू नये म्हणून. मग इंद्रजित कामावरून येईपर्यंत पोरीला सांभाळायची. फुंकर सगळ्याच बाळांना घालतात. गल्लीत कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं.

गौरी-गणपती होऊन गेले आणि एका सकाळी तौफिक कामावर आला नाही. दुपारी त्याचा फोन आला. अर्सलानला दवाखान्यात नेलंय, श्वास लागलाय. संध्याकाळपर्यंत न्यासानं तौफिकच्या डब्यात साठलेले आधीचे श्वास दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रावर तपासून विषाणूची जनुकं जुळवली. बायडाक्काची होती. त्या रात्रीत तिचं नाव सगळ्या गल्लीच्या फोनवर गेलं.

दुसऱ्या दिवशी बायडाक्का नेहमीसारखी इंद्रजितच्या दारात आली. तिला फोन वाचता येत नव्हता. डब्यावर श्वास सोडला. लाल झाला.

"आत पाऊल टाकू नको," इंद्रजित म्हणाला.

"आता गं बाई. काल तर हिरवा होता."

"तौफिकचं पोरगं दवाखान्यात आहे. तुझ्यामुळं."

इंद्रजित बाहेर आला आणि ओरडायला लागला. पोराच्या नाकात फुंकतेस, लाज वाटत नाही का. ती नळी सुताएवढी असते, तुला कुणी शहाणपण शिकवलं. माझ्या पोरीला काही झालं तर बघ. दारं उघडली, माणसं बाहेर आली. कुणी त्याला आवरलं नाही. दोनचार जण तर मान हलवत होते.

त्याचा श्वास संपला तेव्हा बायडाक्का बोलली. आवाज मोठा केला नाही.

"तुझ्या नाकात पण मीच फुंकलंय, इंद्या. तू तरी कुठं मेलास."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"आसंल वेगळी. पण मी काय चोरून आत आले? तुझ्या डब्यानं हिरवं दाखवलं म्हणून आले. तौफिकच्या डब्यानं बी हिरवंच दाखवलं. माझ्या छातीत काय हाय ते मला दिसत नाही. त्याला दिसतंय म्हणून तर लावलंय न्हवं तुम्ही?"

ती वळली आणि भिंतीला धरून चालत गेली. लोकांनी तिला वाट दिली. जरा जास्तच दिली.

इंद्रजित घरात आला. पोर झोपली होती. तिचं पोट वरखाली होत होतं. तो बघत बसला. श्वास जलद आहे का, बरगडी ओढतेय का. काल सकाळी हिच्याही नाकात फुंकर गेली होती. हिरव्या दिव्याची.

पोरीला झोळीत घेऊन तो दवाखान्यात गेला. उपाध्ये बाईंनी तपासलं.

"आता तरी छाती मोकळी आहे. दोनतीन दिवस लक्ष ठेवा. नाक वाहिलं, दूध ओढेना झाली, तर लगेच या."

"डबा हिरवा का झाला होता, बाई?"

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "सुरुवातीचे दोन-चार दिवस विषाणू कमी असतो. साध्या श्वासातून इतके थोडे कण येतात की डब्याला सापडत नाहीत. बाळाच्या नाकाशी तोंड नेऊन फुंकर घातली की तेवढे पुरतात."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"न्यासाला माहीत आहे. दहातला एखादा निसटतो, असं त्यांच्या अहवालात आहे."

"आणि आम्हाला?"

बाई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

"मग इंजेक्शन का नाही दिलं?"

"आधी दोन्ही देत होते. डबाही आणि इंजेक्शनही. त्या वर्षी एकही बाळ गेलं नाही. मग कुणीतरी म्हटलं, हे डब्यामुळंच झालं. डबा एका घरातून काढून दुसऱ्या घरात लावता येतो. इंजेक्शन टोचलं की संपलं. म्हणून नियम केला, डबा असलेलं घर सुरक्षित. सुरक्षित घराला इंजेक्शन नाही."

"म्हणजे आम्ही माणसं दारातून हाकलायची, आणि त्यांनी औषध वाचवायचं."

"मी नियम केलेला नाही, दिवटे."

"तुम्ही पाळता."

त्यांचा चेहरा लाल झाला. मग हळू म्हणाल्या, "इंजेक्शन डबा नसलेल्या घरातल्या बाळाला मिळतं. ऐकलंत ना? डबा नसलेल्या."

"आणि डबा काढला तर?"

"फुकट उपचार बंद. उद्या ही आजारी पडली तर सगळं तुमच्यावर."

"इंजेक्शनं आहेत का इथं?"

"फ्रीजमध्ये आहेत."

तो घरी आला. दाराशी उभा राहून डब्याकडे बघितलं. चार स्क्रू होते. काढायला दोन मिनिटं लागली नसती. पण डबा काढला, इंजेक्शनला उशीर झाला आणि मधेच काही झालं तर? त्यानं हात लावला नाही. कामावर सुट्टी टाकली, पोरीजवळ बसून राहिला. ती दूध ओढत होती. नाक कोरडं होतं. दर थोड्या वेळानं तो तिच्या छातीवर कान ठेवायचा.

अर्सलान गेला. आजारी पडल्यापासून चौथ्या दिवशी.

इंद्रजितनं शेजारच्या वहिनींना डब्यावर श्वास सोडायला लावला, हिरवा झाला तरी तोंडाला मास्क बांधायला लावला, पोर त्यांच्या स्वाधीन केली आणि तो तौफिककडे गेला. बाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. माणसं गप्प बसली होती. येणारा प्रत्येक माणूस दाराशी थांबायचा, डब्यावर श्वास सोडायचा, दिवा बघायचा आणि मगच आत जायचा. सवयच लागली होती. आत आता कुणाला जपायचं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक म्हातारा लाल झाला तर बिचारा परत फिरून खुर्चीवर जाऊन बसला.

इंद्रजित दाराशी आला. त्यानं श्वास सोडला नाही. आत तौफिक भिंतीला टेकून बसला होता.

"सगळं पाळलं मी," तौफिक म्हणाला. "आईला दोन महिने घेतलं नाही आत. तिनं नातवाला हातात धरला तो आज, गेल्यावर. पंच्याण्णव गुण, इंद्या. न्यासाचा माणूस आलता मघाशी. म्हणाला, तुमच्या बाईनं फुंकर घातली, त्यात यंत्राचा दोष नाही. म्हणाला, तक्रार करायची असेल तर बायडाक्काविरुद्ध करा, आम्ही मदत करू."

"करणार?"

"तिला रडताना बघितलं मी काल. मशिदीमागं, एकटीच. कुणी जवळ जाईना." त्यानं दाराकडे बघितलं. "ते काढ तेवढं. मला बघवत नाही."

इंद्रजितच्या खिशात पाना आणि स्क्रूड्रायव्हर असायचेच. त्यानं डबा काढला. भिंतीत चार भोकं राहिली. खुर्चीवरचा म्हातारा उठून आत आला आणि तौफिकच्या शेजारी बसला.

मग इंद्रजितनं बाकीचं सांगितलं. दहातला एखादा निसटतो. इंजेक्शनं फ्रीजमध्ये आहेत. तौफिकनं सगळं ऐकून घेतलं. काढलेला डबा मांडीवर घेऊन त्याच्यावर हात घट्ट दाबून बसला.

घरी येऊन इंद्रजितनं स्वतःच्या दाराचाही डबा काढला. आणि कुरुंदवाडला फोन लावला.

"मामी, उद्या या."

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मी लाल आहे अजून, इंद्रजितराव."

"म्हणून तर बोलावतोय."

न्यासाचं कार्यालय दवाखान्याच्या आवारातच, पण वेगळ्या इमारतीत होतं. तिथं बाळं नव्हती, खाटा नव्हत्या, नुसती टेबलं होती. काचेच्या दरवाज्यावर मोठा डबा होता. कुणी लाल निघालं की दरवाजा आपोआप बंद व्हायचा, वरचा पंखा दारातली हवा ओढून घ्यायचा, आणि हवा बदलेपर्यंत कुणाला आत जाता येत नसे की बाहेर येता येत नसे.

मामी मास्क लावून दरवाज्यासमोर उभ्या राहिल्या. पोरीला झोळीत घेऊन इंद्रजित आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, गुलमोहराखाली. मोकळी हवा होती, तरी मधे त्यानं पुरेसं अंतर ठेवलं होतं. तौफिकनं दोन्ही डबे आणून पायरीवर ठेवले.

मामींनी मास्क खाली केला, डब्यावर श्वास सोडला, मास्क वर घेतला. लाल. दरवाजा बंद झाला, पंखा घरघरला. काही वेळानं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मामींनी परत मास्क खाली केला.

तिसऱ्या वेळी न्यासाचे व्यवस्थापक काचेआड आले. बाहेरच्या स्पीकरवरून त्यांचा आवाज आला. "बाई, तुम्ही लाल आहात. बाजूला व्हा."

"कुठं होऊ? आत येऊ?"

"आत नका येऊ."

"मग बाहेरच आहे की मी. आषाढापासून बाहेरच आहे."

दवाखान्याच्या रांगेतली माणसं इकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं.

"काय पाहिजे तुम्हाला?"

इंद्रजित गुलमोहराखालूनच ओरडला. "माझ्या दाराला डबा नाही. तो तिथं पायरीवर आहे. आता माझं घर असुरक्षित आहे. पोरीला इंजेक्शन द्या."

"असं होत नाही. अर्ज करा. आमचा माणूस घर बघून जाईल, मग यादीत नाव लागेल. आठ-दहा दिवस लागतात."

"माझा पोरगा चार दिवसांत गेला," तौफिक म्हणाला. तो दरवाज्याच्या अगदी जवळ उभा होता, त्याला ओरडावं लागलं नाही. रांगेतलं हसणं थांबलं.

व्यवस्थापकांनी कपाळ पुसलं. "झालं त्याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण ती त्या बाईची चूक होती. फुंकर."

"तिनं फुंकर घातली ती हिरवा दिवा बघून," इंद्रजित म्हणाला. "दिवा कुणाचा होता? मी तिला गल्लीसमोर नको ते बोललो. या बाईंना पायरीवरून परत पाठवलं. या माझ्या सासूबाई, यांची एकच लेक होती, ती माझी बायको होती. यांना मी नातीला हात लावू दिला नाही. तुम्ही आम्हाला एकेक माणूस दाखवत गेलात, याला हाकल, तिला हाकल, हिच्यावर तक्रार कर. आम्ही केलं. आणि औषध तुमच्या फ्रीजमध्ये."

"अहो, समजून घ्या जरा. सगळ्यांनीच असे डबे काढून आणले तर एवढी इंजेक्शनं आणायची कुठून आम्ही?"

"तेच विचारायला आलोय."

पंखा बंद झाला, कुलूप उघडलं. मामींनी मास्क खाली केला आणि परत श्वास सोडला.

दवाखान्याच्या बाजूनं उपाध्ये बाई आल्या. हातात बर्फाची छोटी पेटी होती. त्या काचेकडे न बघता सरळ गुलमोहराखाली गेल्या.

"डॉक्टर," स्पीकर म्हणाला, "तपासणी झालेली नाही."

"डबा पायरीवर आहे, मला दिसतोय," बाई म्हणाल्या. "डबा नसलेल्या घरातलं बाळ. नियमात बसतं." मग इंद्रजितला म्हणाल्या, "पाय धरा तिचा. हलू देऊ नका."

सुई मांडीत गेली. पोर क्षणभर गप्प राहिली, मग तोंड वाकडं करून जे रडायला लागली ते आवारभर ऐकू गेलं. इंद्रजितनं तिला छातीशी धरलं. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाईंनी कापूस दाबून धरला.

"ताकद यायला थोडे दिवस लागतील. तोवर आजीनं लांबच राहायचं. नंतरही मास्क."

"त्या राहतील," इंद्रजित म्हणाला. "त्यांना दिव्याची गरज नाही."

काचेआडून व्यवस्थापक म्हणाले, "झालं ना तुमचं काम? मिळालं इंजेक्शन. आता तरी दरवाजा सोडा, बाई. आमची माणसं आत अडकलीत."

मामींनी पोरीच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं. तिथं जायला त्यांनी पाऊल उचललं नाही. रांगेत एक तरुण मुलगी उभी होती, ओढणीत गुंडाळलेलं इवलंसं मूल छातीशी धरून. मामींनी तिला लांबूनच विचारलं,

"तुझ्या दाराला डबा आहे का गं?"

"आहे, मावशी."

"जा, काढून आण. तोवर मी आहे इथं."

मुलीनं इकडं तिकडं बघितलं. मग रांगेतून बाहेर पडली. तिच्यामागून आणखी एक जण निघाला. कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि मामींनी मास्क खाली ओढला.